फोन धडधाकट, तरी ॲप बंद का पडते?

५ मे २०२५ पासून व्हॉट्सॲपने आयफोनवर आयओएस १५.१ पेक्षा जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची साथ सोडली. आयफोन ५एस, आयफोन ६ आणि आयफोन ६ प्लस या फोनना ॲपलकडून मिळालेली शेवटची मोठी आवृत्ती आयओएस १२ ही होती. त्यामुळे त्यांच्या मालकांपुढे व्हॉट्सॲप सोडणे किंवा फोन बदलणे एवढेच दोन मार्ग उरले. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५.० पेक्षा जुन्या फोनवरही व्हॉट्सॲप असेच थांबले होते. अशा बातम्या अधूनमधून येत राहतात आणि दर वेळी तीच चिडचिड होते. फोन पडलेला नाही, पडदा फुटलेला नाही, बॅटरी दिवसभर टिकते आणि कालपर्यंत ॲप व्यवस्थित चालत होते, मग आज नेमके काय बिघडले?

फोनमध्ये काहीच बिघडलेले नसते. ॲप आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातल्या देवाणघेवाणीचे नियम दर वर्षी बदलत जातात, आणि जुन्या नियमांवर चालणाऱ्या फोनना किती काळ सांभाळून घ्यायचे हे ॲप बनवणारे ठरवतात. हे नियम कसले असतात, ते सांभाळायला खर्च का येतो आणि कोणत्या आवृत्तीपाशी थांबायचे हे कशावरून ठरते, ते या लेखात पाहू. उदाहरणे मुख्यतः अँड्रॉइडची घेतली आहेत, कारण आपल्याकडचे बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत आणि आवृत्त्यांचा खरा पसाराही तिथेच आहे.

ॲपच्या हातात फारसे काही नसते

ॲपने कॅमेरा उघडला, ॲपने ठिकाण शोधले, असे आपण सहज म्हणतो. पण कॅमेरा, माइक, जीपीएस, साठवणीची जागा, नेटवर्क हे सगळे ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असते. ॲपने तिच्याकडे ठरलेल्या नमुन्यात मागणी करायची आणि तिने ती मंजूर किंवा नामंजूर करायची, असा हा व्यवहार आहे. तहसील कार्यालयात दाखल्यासाठी अर्ज करण्यासारखाच. नवा शासन निर्णय निघाला की अर्जाचा नमुना बदलतो, एखादे कागदपत्र लागेनासे होते, एखादे नव्याने जोडावे लागते. आता अशी कल्पना करा की एका तालुक्यात २०१५ चे नियम लागू आहेत, शेजारच्या तालुक्यात २०१९ चे, पलीकडे २०२४ चे, आणि एकाच अर्जदाराला एकच फाइल घेऊन या सगळ्या कार्यालयांतून दाखला मिळवायचा आहे. एका ॲपने ऑपरेटिंग सिस्टीमच्या अनेक आवृत्त्यांवर चालायचे म्हणजे नेमके हेच करायचे.

अँड्रॉइडची ५.० ही आवृत्ती २०१४ मध्ये आली, ६.० ही २०१५ मध्ये, १० ही २०१९ मध्ये आणि १६ ही २०२५ मध्ये. प्रत्येक आवृत्तीला आतल्या कामकाजासाठी एक क्रमांक असतो. त्याला ‘एपीआय लेव्हल’ म्हणतात, अँड्रॉइड ५.० चा क्रमांक २१ आहे आणि अँड्रॉइड १६ चा ३६. प्रोग्रामर मंडळी याच क्रमांकांत बोलतात. आपण मात्र फोनच्या सेटिंग्जमध्ये दिसणारेच आकडे वापरू.

अर्जावर लिहायचे दोन आकडे

प्रत्येक अँड्रॉइड ॲपला आपल्याबद्दल दोन गोष्टी जाहीर कराव्या लागतात. पहिली म्हणजे ‘मिन एसडीके’, अर्थात ज्याच्या खाली हे ॲप बसवताच येणार नाही अशी किमान आवृत्ती. दुसरी ‘टार्गेट एसडीके’, म्हणजे कोणत्या आवृत्तीपर्यंतचे नियम अभ्यासून हे ॲप तयार केले आहे त्याची कबुली. बातम्यांमध्ये चर्चा होते ती पहिल्या आकड्याची. ॲप बनवणाऱ्यांची झोप उडवतो तो बहुधा दुसरा.

टार्गेटचा आकडा काय करतो ते पाहू. समजा एखादे ॲप म्हणाले, की मी २०१५ च्या आधीचे नियम वाचून तयार झालो आहे. नव्या फोनमधली अँड्रॉइड अशा ॲपला हाकलून देत नसे. ‘याला नवे नियम ठाऊक नाहीत’ असे समजून शक्य तिथे जुन्या पद्धतीनेच वागवत असे. जुनी ॲप नव्या फोनवर एकदम कोसळू नयेत म्हणून ठेवलेली ही सवलत होती, आणि सवलतीचा व्हायचा तो गैरवापर झालाच. अँड्रॉइड ६.० पासून कॅमेरा, संपर्क, ठिकाण यांसाठी वापरकर्त्याला प्रत्यक्ष विचारून परवानगी घ्यावी लागते. फसवी ॲप मुद्दाम त्याआधीचा आकडा जाहीर करून ही विचारणा चुकवू लागली. म्हणून अँड्रॉइड १४ ने ६.० च्या आधीचे टार्गेट असलेली ॲप बसवण्यासच नकार दिला आणि अँड्रॉइड १५ ने ही मर्यादा ७.० वर नेली.

प्ले स्टोअर त्याहून कडक आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि जुन्या ॲपच्या अपडेटना अँड्रॉइड १५ चे टार्गेट सक्तीचे झाले. जे ॲप बरेच मागे राहते ते नव्या फोनवरच्या नव्या वापरकर्त्यांना स्टोअरमध्ये दिसेनासे होते. म्हणजे खालचा आकडा ॲप बनवणाऱ्याच्या मर्जीचा आणि वरचा आकडा गूगलच्या सक्तीचा. वरचा दर वर्षी सरकतो; खालचा जागीच ठेवला तर मधले अंतर वाढत जाते, आणि खर्च असतो तो याच अंतराचा.

शेतातला एक फोटो

हे अंतर किती महागात पडते ते एका साध्या कामावरून पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून, फोटोसह करायची पद्धत आली. त्या धर्तीचे एखादे ॲप आपण नव्याने बनवत आहोत असे समजा. काम एवढेच आहे: शेतात उभे राहून फोटो काढायचा, त्याला ठिकाणाची नोंद जोडायची, रेंज नसेल तर फोनमध्ये साठवायचा आणि रेंज आली की पाठवायचा. हे सगळे करायचे ते गावात ज्याच्या हातात जो फोन असेल त्याच्यावर.

अँड्रॉइड ५.१ च्या फोनवर ॲप बसवतानाच कॅमेरा, ठिकाण आणि साठवण या तिन्हींची परवानगी एकगठ्ठा मिळते. शेतकऱ्याला पुढे काहीच विचारावे लागत नाही आणि त्यालाही एखादीच परवानगी नाकारता येत नाही. ६.० वर मात्र प्रत्येक परवानगी काम करतानाच मागावी लागते. याचा अर्थ नकार मिळू शकतो हे गृहीत धरून पुढचा मार्ग आखावा लागतो. कॅमेऱ्याला नकार दिला तर काय करायचे? ठिकाणाला दिला तर? दोनदा नकार देऊन झाल्यावर? प्रत्येक उत्तरासाठी वेगळा पडदा, वेगळा मजकूर आणि वेगळी चाचणी.

७.० चे नियम अभ्यासलेल्या ॲपला फोटो काढण्यासाठी फोनच्या कॅमेरा ॲपकडे फाइलचा थेट पत्ता देता येत नाही. तो एका ठरलेल्या मध्यस्थामार्फत द्यावा लागतो आणि जुन्या पद्धतीने दिला तर ॲप त्या क्षणी बंद पडते. ८.० पासून ॲप पडद्यावर नसताना मागे काय काय करू शकते यावर कडक मर्यादा आल्या. त्यामुळे ‘रेंज आली की पाठवू’ हे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेळापत्रकात रीतसर नोंदवावे लागते. ९ पासून सर्व्हरशी होणारे बिनकुलूप बोलणे, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ऐवजी नुसते ‘एचटीटीपी’, आपोआप अडवले जाते. खात्याचा सर्व्हर जुनाट असेल तर तेच ॲप ८.१ च्या फोनवर चालते आणि ९ च्या फोनवर नुसते गोल गोल फिरत राहते. तक्रार मात्र ‘नव्या फोनवर चालत नाही’ अशी येते आणि ज्याला कारण ठाऊक नाही तो फोनलाच नावे ठेवतो.

१० आणि ११ मध्ये साठवणीचे नियम मुळापासून बदलले. पूर्वी एकदा परवानगी मिळाली की ॲप फोनमधल्या कोणत्याही फोल्डरात डोकावू शकत असे. आता त्याला स्वतःची खोली मिळते आणि बाहेरच्या फाइलींसाठी वेगळी वाट धरावी लागते. हा बदल वापरकर्त्याच्या हिताचा होता, यात मला शंका नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षे फाइली हव्या तिथे ठेवल्या होत्या त्यांना ॲपचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागला. ११ मध्ये आणखी एक गंमत झाली. काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेऊ लागला. शहरातल्या माणसाला ही सोय वाटते. पण खरिपात एकदा वापरलेले ॲप पुढच्या हंगामात उघडणाऱ्या शेतकऱ्याला ‘मागच्या वेळी चालले, आता कॅमेराच उघडत नाही’ असा अनुभव येऊ शकतो. गूगलने पुढे हीच सोय आपल्या प्ले सेवांमार्फत, म्हणजे फोनमध्ये मागे चालणाऱ्या आणि ऑपरेटिंग सिस्टीमपासून स्वतंत्रपणे अपडेट होणाऱ्या गूगलच्या भागामार्फत, ६.० पर्यंतच्या जुन्या फोनवरही नेली. त्यामुळे केवळ आवृत्तीचा आकडा पाहून फोन कसा वागेल हे सांगणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

आणि १२ ची तऱ्हा पाहा. या आवृत्तीपासून वापरकर्त्याला ‘अचूक’ ठिकाण द्यायचे की ‘अंदाजे’ हे निवडता येते. अंदाजे ठिकाण म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या परिसरात कुठे तरी. खाद्यपदार्थ मागवताना त्यावर भागून जाते; पिकाच्या नोंदीत मात्र ३ चौरस किलोमीटर म्हणजे ३०० हेक्टर, आणि तेवढ्या क्षेत्रात कितीतरी गट क्रमांक येतात. परवानगी मिळाली, फोटो निघाला, ठिकाणही जोडले गेले, सगळे हिरवे दिसले आणि नोंद भलत्याच्याच शिवारात पडली, असे होऊ शकते. ॲपने ठिकाण अचूक आहे की अंदाजे हे तपासायला हवे आणि अंदाजे असेल तर शेतकऱ्याला कारण सांगून पुन्हा विचारायला हवे. ११ पर्यंत हा प्रश्नच अस्तित्वात नव्हता.

१३ पासून ‘तुमची नोंद पोहोचली’ अशी सूचना दाखवण्यासाठीही परवानगी लागते. १५ चे टार्गेट जाहीर केलेल्या ॲपचा मजकूर पडद्याच्या कडेपर्यंत पसरतो, त्यामुळे काळजी घेतली नाही तर तळाचे ‘जतन करा’ हे बटण फोनच्या स्वतःच्या बटणांखाली झाकले जाते. काम तेच, फोटो तोच.

मग एकच ॲप सगळीकडे चालते तरी कसे?

मूळ युक्ती अगदी साधी आहे. ॲप सर्वांत नव्या नियमपुस्तकावरून तयार करतात आणि चालताना प्रत्येक नाजूक जागी ते फोनला त्याची आवृत्ती विचारते. फोन १३ किंवा त्यापुढचा असेल तर सूचनांची परवानगी मागायची, नसेल तर थेट सूचना दाखवायची. आयफोनवरही हाच प्रकार चालतो, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी.

अशी एक तपासणी लिहायला दोन ओळी पुरतात. अशा तपासण्यांची संख्या शंभरावर गेली की कोणत्या फोनवर कोणत्या वाटेने काम चालले आहे हे सांगणे लिहिणाऱ्यालाही अवघड जाते. एखादी तपासणी राहून गेली तर जुना फोन अस्तित्वात नसलेली सेवा मागू पाहतो आणि ॲप पटकन मिटते. ही चूक ॲप बनवणाऱ्याला सहसा दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या खिशात नवा फोन असतो.

यातला बराचसा भार गूगलची तयार ग्रंथालये (लायब्ररी), म्हणजे ॲपमध्ये जोडता येणारे आयते लिहिलेले प्रोग्राम, उचलतात. त्यांना २०१८ पासून ‘अँड्रॉइडएक्स’ म्हणतात, आणि त्याआधी २०११ पासून हेच काम सपोर्ट लायब्ररी करत असे. ‘हे काम मागे ठेव, नेट आले की कर’ एवढे सांगितले की कोणत्या आवृत्तीवर ते कसे करायचे हे ग्रंथालय पाहून घेते. पण ग्रंथालये लिहिणाऱ्यांनाही तोच प्रश्न असतो. गूगलने २०२३ मध्ये प्ले सेवांमधून अँड्रॉइड ४.४ ला वगळले, तेव्हा ती आवृत्ती वापरणारे फोन १ टक्क्याहून कमी उरल्याचे सांगितले होते. २०२५ मध्ये अँड्रॉइडएक्सच्या नव्या ग्रंथालयांची किमान आवृत्ती ५.० वरून ६.० झाली. नकाशा, पेमेंट, बोटांच्या ठशांची ओळख यांसाठी घेतलेल्या ग्रंथालयांपैकी एकाने जरी किमान आकडा वर नेला, तरी अख्ख्या ॲपला त्याच्यामागे जावे लागते. पुष्कळदा ‘कंपनीने जुने फोन वगळले’ या बातमीमागे इतकेच असते: कंपनी ज्याच्यावर उभी आहे त्याने वगळले, म्हणून कंपनीनेही वगळले.

राहिली चाचणी. आवृत्त्या दहा, पडद्यांचे आकार अनेक, त्यावर प्रत्येक फोन कंपनीने अँड्रॉइडला चढवलेला आपापला साज. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चाललेली कामे गूगलच्या नियमांपेक्षाही लवकर मारून टाकतात, आणि मग ‘फोटो गेलाच नाही’ ही तक्रार एकाच कंपनीच्या फोनवरून येत राहते. ओपनसिग्नल या संस्थेने २०१५ मध्ये एका वर्षात आपल्या ॲपवर २४,०९३ वेगवेगळ्या प्रकारची अँड्रॉइड उपकरणे मोजली होती. एवढ्यांवर चाचणी कोणीच करत नाही. निवडक फोन ठेवतात किंवा दूरवर मांडून ठेवलेले फोन भाड्याने वापरतात. त्यात जुन्या आवृत्तीचा प्रत्येक फोन म्हणजे दर अपडेटला तीच तपासणी आणखी एकदा.

‘नवे काही नको, जुने आहे तसे राहू द्या’

हा आक्षेप रास्त आहे. नवी वैशिष्ट्ये ज्यांना हवी त्यांना द्यावीत, आमचे जुने ॲप गोठवून ठेवावे, तेवढ्यावर आम्ही खूश आहोत. गणकयंत्र किंवा बुद्धिबळ यांसारख्या ॲपबाबत हे खरोखर चालते. ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअर दोन्हींकडे जुन्या फोनना त्यांच्यापुरती शेवटची योग्य आवृत्ती देण्याची सोय आहे.

पण संदेश, बँक, तिकीट, सरकारी नोंद या ॲपचा निम्मा भाग फोनमध्ये असतो आणि निम्मा दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हर बदलला की गोठवलेले ॲप त्याच्याशी जुन्याच पद्धतीने बोलत राहते. ते समजण्यासाठी सर्व्हरवर जुनी यंत्रणाही चालू ठेवावी लागते, आणि त्या यंत्रणेत सापडलेली भोके बुजवण्यासाठी माणसेही.

कुलपांचे उदाहरण जास्त बोलके आहे. इंटरनेटवरचे संभाषण ज्या टीएलएस या पद्धतीने सुरक्षित केले जाते तिची १.२ ही आवृत्ती अँड्रॉइड ५.० पासून आपोआप चालू असते, ४.१ ते ४.४ मध्ये ती होती, पण बंद ठेवलेली. कार्डाने होणाऱ्या व्यवहारांच्या जागतिक सुरक्षा नियमांनी टीएलएसची सुरुवातीची, कमकुवत आवृत्ती ३० जून २०१८ पर्यंत बंद करायला लावली. आणि जिथे सर्व्हरने थेट १.२ ची अट घातली, तिथे जुन्या फोनवरचे न बदललेले ॲपही मुके झाले.

लेट्स एन्क्रिप्टची गोष्ट तर याहून रंगतदार आहे. ही संस्था संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे फुकट देते आणि जगातल्या असंख्य साइट तिच्यावर चालतात. प्रमाणपत्र खरे मानायचे तर ते देणाऱ्याचे नाव फोनमधल्या विश्वासू संस्थांच्या यादीत असावे लागते. लेट्स एन्क्रिप्टचे स्वतःचे नाव अँड्रॉइडच्या यादीत आले ते ७.१.१ पासून, त्याआधीच्या फोनवर ती दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या हमीवर चालत होती, आणि त्या हमीची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होती. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने जाहीर केले, की ३३.८ टक्के अँड्रॉइड फोन ७.१ पेक्षा जुने आहेत. म्हणजे एका ठरलेल्या दिवशी जगातल्या एक तृतीयांश अँड्रॉइड फोनवर असंख्य साइट उघडेनाशा होणार होत्या, आणि तेही कोणी काहीही न बदलता. शेवटी एक पळवाट सापडली. अँड्रॉइड या यादीतल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासतच नाही, हे हेरून नव्या हमीपत्राची जोडणी केली गेली आणि जुन्या फोनना आणखी तीन वर्षे मिळाली. अँड्रॉइडने जाणूनबुजून ठेवलेली ढिलाई अशी उपयोगी पडली.

सुरक्षेचे कारण पुढे केले की अनेकांना तो बहाणा वाटतो. जुलै २०१५ मध्ये उघड झालेला ‘स्टेजफ्राइट’ हा दोष आठवावा. २.२ पासून ५.१.१ पर्यंतच्या अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ वाचणाऱ्या भागातच भोक होते आणि खास तयार केलेल्या एका एमएमएसने फोनचा ताबा घेता येऊ शकत होता. संदेश उघडण्याचीही गरज नव्हती. असे भोक ॲपच्या खालच्या थरात असते, म्हणून ॲप कितीही नीट लिहिले तरी ते बुजत नाही. फोनला दुरुस्ती मिळणेच थांबले असेल तर बँकेच्या ॲपने त्या फोनला नकार देणे मला समजण्यासारखे वाटते. हवामान दाखवणाऱ्या ॲपने मात्र हेच कारण सांगितले तर ते तपासून घ्यावे.

नवा फोन खपवण्याचा हा डाव तर नाही?

व्हॉट्सॲप फोन विकत नाही. जितके लोक जास्त तितका त्याचा फायदा, त्यामुळे माणसे गमावण्यात त्याला रस नसतो. संशय घ्यायचाच तर तो एक पायरी वर, फोन बनवणाऱ्यांवर घ्यावा, कारण जुना फोन नव्या आवृत्तीवर नेणे न नेणे त्यांच्या हातात असते.

ॲपलचे गणित सरळ आहे. फोन तिचा, ऑपरेटिंग सिस्टीम तिची, अपडेट ती थेट पाठवते. अँड्रॉइडमध्ये गूगल नवी आवृत्ती काढते, चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी तिची तयारी करते, फोन कंपनी त्यावर आपला साज चढवते आणि मगच ती आपल्यापर्यंत पोहोचते. साखळीतल्या एकानेही हात वर केले की फोन आहे त्या आवृत्तीवर अडकतो. स्वस्त फोनवर नफा थोडा. दोन वर्षांनी त्यासाठी पुन्हा माणसे बसवण्यात कंपनीला काय मिळणार? गूगलने २०१७ मध्ये ८.० पासून ‘ट्रेबल’ या रचनेने चिपचा थर वेगळा काढला आणि २०१९ मध्ये १० पासून ऑपरेटिंग सिस्टीमचे काही भाग प्ले स्टोअरमार्फत बदलण्याची सोय केली. त्याने फरक पडला, पण दुखणे मुळातून गेले नाही.

अलीकडे स्पर्धेने आणि कायद्याने थोडी हालचाल झाली आहे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन दिले. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट मिळायला हवेत. सात वर्षांची आश्वासने महागड्या फोनपासून सुरू झाली, आणि ज्याला सात वर्षे एकच फोन वापरावा लागतो तो सहसा महागडा फोन घेत नाही, ही यातली विसंगती आहे.

एक टक्का म्हणजे किती माणसे?

कोणत्या आवृत्तीपाशी थांबायचे हे ठरवताना बैठकीत बहुतेक वेळा एक तक्ता समोर असतो. कोणत्या आवृत्तीवर किती टक्के वापरकर्ते, आणि त्यांना सांभाळायला किती दिवसांचे काम. एखादी आवृत्ती १ टक्क्याच्या खाली गेली की तिला वगळण्याचा विचार सुरू होतो. व्यापारी हिशेबात यात काही गैर नाही. पण दहा कोटी लोकांच्या ॲपचा १ टक्का म्हणजे दहा लाख माणसे, आणि ती इकडेतिकडे सारखी विखुरलेली नसतात. ती बहुधा म्हातारी असतात, गावाकडची असतात किंवा घरातल्या दुसऱ्याचा उतरलेला फोन वापरणारी असतात.

शिवाय या तक्त्यात एक फसवा भाग आहे. तो फक्त सध्या ॲप वापरणाऱ्यांना मोजतो. जुन्या फोनवर ॲप आधीच रडतखडत चालत असेल तर तिथले लोक केव्हाच निघून गेलेले असतात. तक्त्यात ते दिसत नाहीत आणि ‘जुन्या आवृत्तीवर कोणी नाहीच’ असा निष्कर्ष निघतो. किराणा मागवण्याच्या ॲपसाठी ही चूक परवडते, कारण माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ शकतो.

सरकारी सेवेला असे कोपऱ्यावरचे दुकान नसते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन मंद आणि वारंवार बिघडणारे, मेमरी अपुरी, आणि त्यावर चालवायचे पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तिथे प्रश्न केवळ आवृत्तीचा नव्हता, पण मूळ तेच होते: ॲप ज्या फोनवर तयार झाले आणि ज्या फोनवर ते चालवायचे होते, त्यांच्यात अंतर होते आणि त्याचा भार चालवणारीवर पडला. माझ्या मते ज्या सेवेला दुसरी वाट नाही तिने सध्याच्या वापरकर्त्यांचा तक्ता पाहून किमान आवृत्ती ठरवूच नये. लाभार्थ्यांच्या हातात प्रत्यक्ष कोणते फोन आहेत ते गावात जाऊन पाहावे, आणि मगच निविदेत किमान आवृत्ती आणि किमान मेमरी लिहावी. पेमेंटच्या क्षेत्रात हा विचार झालेला दिसतो. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय १२३पे’मुळे साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात.

ॲपऐवजी संकेतस्थळ का नको?

पुष्कळ सेवांसाठी संकेतस्थळ खरोखरच पुरते, आणि केवळ आपले चिन्ह लोकांच्या पडद्यावर राहावे म्हणून ॲप काढणाऱ्या कार्यालयांनी याचा विचार करावा. साइटला आवृत्त्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो, कारण मधली तडजोड ब्राउझर करतो. पण ब्राउझर हेही एक ॲपच आहे. नोव्हेंबर २०२३ नंतरच्या क्रोमच्या आवृत्त्यांनी अँड्रॉइड ७ ला वगळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९ व्या आवृत्तीने ८ आणि ९ लाही. म्हणजे प्रश्न सुटत नाही, थोडा पुढे ढकलला जातो.

आपल्या फोनबाबत काय पाहावे

सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात दोन नोंदी असतात: अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख. दुसरी जास्त महत्त्वाची. ती वर्ष-दोन वर्षे मागे असेल तर फोन कितीही तुळतुळीत असो, बँकेचे ॲप त्यावर ठेवताना विचार करावा. जुना फोन विकत घेताना मॉडेल बाजारात आले ते वर्ष पाहावे. अपडेटचे आश्वासन सहसा तिथपासून मोजले जाते, आपण पैसे दिले त्या दिवसापासून नाही.

‘अमुक तारखेपासून हे ॲप चालणार नाही’ अशी सूचना आली तर आधी फोनला नवी आवृत्ती उपलब्ध आहे का ते तपासावे. आयओएस १५.१ च्या बातमीने आयफोन ६एस आणि ७ चे मालकही घाबरले असतील, पण त्यांना फक्त अपडेट करायचे होते. अडकले ते ५एस आणि ६ वाले. अपडेट मिळतच नसेल तर संदेश, फोटो आणि नोंदी यांचा बॅकअप त्या तारखेच्या आधी घ्यावा, कारण बॅकअप घेण्याचे बटणही ॲपच्या आतच असते आणि ॲप उघडेनासे झाले की तेही हाताला लागत नाही.